गोळी तीच, पण रक्तात किती?

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरून हृदयाचा रुग्ण तपासणीला येतो, तेव्हा त्याच्या हातात बहुतेक वेळा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. पिशवीत घड्यांवर फाटायला आलेला केसपेपर, ईसीजीची गुंडाळी आणि गोळ्यांची अर्धवट कापलेली पाकिटे. एक पाकीट ग्रामीण रुग्णालयातून फुकट मिळालेले, दुसरे नंदुरबारच्या मेडिकलमधून विकत घेतलेले, तिसरे ऊसतोडीच्या हंगामात गुजरातेत असताना आणलेले. तिन्हींचा रंग वेगळा, कंपनी वेगळी, वरचे नावही वेगळे. आतले औषध मात्र एकच असू शकते. ‘गोळी तीच आहे, नाव बदललंय एवढंच,’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते.

बहुतेक औषधांच्या बाबतीत हे सांगणे बरोबरच असते. पण हृदयाची काही मोजकी औषधे अशी आहेत की पाकिटावर छापलेले मिलिग्रॅम आणि रक्तात पोहोचणारे औषध यांतले अंतर रुग्णाला महागात पडू शकते. हे अंतर कुठून येते, किती असते आणि त्याची काळजी कोणी करायची, हे समजून घेणे नंदुरबारसारख्या जिल्ह्यात जास्त गरजेचे आहे. धुळ्यापासून १ जुलै १९९८ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातून जिल्हा रुग्णालय गाठायला अर्धा दिवस जातो. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांना तर तरंगत्या दवाखान्याची वाट पाहावी लागते. इथे औषध कमी पडले किंवा जास्त झाले, तर ते उशिराच लक्षात येते.

तोंडापासून रक्तापर्यंत

गोळी गिळली म्हणजे औषध शरीरात गेले, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती अजून फक्त अन्ननलिकेच्या वाटेला लागलेली असते. आधी गोळी फुटावी लागते. फुटल्यावर तिच्यातले औषध पोटातल्या आणि आतड्यातल्या पाण्यात विरघळावे लागते. विरघळलेले औषध आतड्याच्या भिंतीतून आत शिरावे लागते. तिथून ते थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृतात जाते. यकृत हे शरीराचे नाकेच आहे. काही औषधांचा मोठा भाग तिथेच मोडून टाकला जातो. या सगळ्यातून वाचून जेवढा हिस्सा मूळ रूपात रक्ताभिसरणात पोहोचतो, त्याला ‘जैवउपलब्धता’ म्हणतात. शिरेतून दिलेल्या इंजेक्शनची जैवउपलब्धता १०० टक्के धरली जाते. गोळीची त्याहून कमीच असते.

विरघळण्याचा टप्पा वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगायची गरज नाही. अख्खी वाळलेली मिरची रश्श्यात टाकली तर एक तिखटपणा येतो, तीच जाडसर कुटून टाकली तर दुसरा, आणि वस्त्रगाळ पूड टाकली तर तिसरा. वजन तिन्ही वेळा तेवढेच. औषधाचेही तसेच आहे. पूड जितकी बारीक, तितका तिचा पाण्याशी संबंध अधिक आणि ती तितकी लवकर विरघळते. शिवाय गोळीत औषधाबरोबर स्टार्च, लॅक्टोज, चिकटवणारे पदार्थ, वरचे वेष्टण असे बरेच काही असते. गोळी किती दाबून बनवली, ओलावा किती राहिला, यावरही ती पोटात कधी फुटणार हे ठरते. म्हणून दोन कारखान्यांतल्या गोळ्यांत औषध तंतोतंत तेवढेच असले, तरी त्या शरीरात तेवढेच औषध सोडतील याची खात्री नुसत्या वजनावरून देता येत नाही.

डिजॉक्सिनने शिकवलेला धडा

हा धडा वैद्यकशास्त्राला ज्या औषधाने शिकवला, ते आजही खेड्यापाड्यातल्या हृदयरुग्णांच्या पिशवीत सापडते. ते म्हणजे डिजॉक्सिन. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झालेल्या, ठोके अनियमित पडणाऱ्या, दम लागणाऱ्या रुग्णांना ते दिले जाते. हृदयाचे आकुंचन जोरकस करणे आणि फार वेगाने पडणारे ठोके आवरणे, ही त्याची दोन कामे.

त्याचे मूळ युरोपातल्या डिजिटॅलिस या फुलझाडात आहे. बर्मिंगहॅमचे डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये या झाडाच्या पानांवर पुस्तक लिहिले. पाने कोणत्या हंगामात तोडली यावर त्यांची ताकद बदलते, हे त्यांनाही जाणवले होते. म्हणून झाड फुलावर असतानाच पाने गोळा करावीत, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९३० मध्ये सिडनी स्मिथ यांनी डिजिटॅलिसच्या दुसऱ्या एका जातीतून शुद्ध डिजॉक्सिन वेगळे केले. आता पानांची भानगड संपली, मोजून मापून गोळी मिळेल, असे सगळ्यांना वाटले.

तो समज १९७१ मध्ये मोडला. न्यूयॉर्कमधील जॉन लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारी डिजॉक्सिनची चार उत्पादने घेऊन निरोगी स्वयंसेवकांना दिली आणि रक्तातले प्रमाण मोजले. पाकिटावरची मात्रा एकच होती. रक्तातले सर्वोच्च प्रमाण मात्र एका उत्पादनात दुसऱ्याच्या जवळजवळ सातपट निघाले. त्याहून धक्कादायक बाब म्हणजे, एकाच कंपनीच्या दोन बॅचमध्येही फरक आढळला.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये याचा अनुभव राष्ट्रीय पातळीवर आला. तिथे सर्वाधिक खपणाऱ्या डिजॉक्सिनच्या गोळीची उत्पादनपद्धत १९६९ मध्ये बदलली आणि गोळी शरीरात कमी शोषली जाऊ लागली. डॉक्टर रुग्णाला गुण येईपर्यंत मात्रा वाढवत राहिले. चूक ध्यानात आल्यावर १९७२ मध्ये पद्धत सुधारली, तेव्हा त्याच गोळीतून जवळपास दुप्पट औषध शोषले जाऊ लागले. म्हणजे ज्यांची मात्रा वाढवून ठेवली होती, त्यांच्यावर विषबाधेचे संकट आले. इस्रायलमध्ये १९७५ च्या अखेरीस असेच घडले. स्थानिक उत्पादकाने गोळी नीट विरघळावी म्हणून तिची घडण बदलली, डॉक्टरांना मात्र ते कळले नाही. डिजॉक्सिनच्या विषबाधेचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा शोध घेतल्यावर कारण सापडले. गोळी बिघडली नव्हती, उलट चांगली झाली होती. अपाय झाला तो न सांगता केलेल्या बदलाने.

या प्रकरणांनंतर अनेक देशांत डिजॉक्सिनच्या गोळीसाठी विरघळण्याची चाचणी सक्तीची झाली. आज बाजारात येणाऱ्या गोळ्यांत सातपट फरक असण्याची शक्यता उरलेली नाही. पण औषधाच्या वेगवेगळ्या रूपांत फरक आहेच. गोळीतून साधारण ६० ते ८० टक्के डिजॉक्सिन रक्तात पोहोचते. लहान मुलांना देतात त्या पातळ औषधातून ७० ते ८५ टक्के. काही देशांत द्रवाने भरलेल्या मऊ कॅप्सूल निघाल्या होत्या, त्यांतून ९० ते १०० टक्के. म्हणूनच ०.२५ मिलिग्रॅमच्या गोळीऐवजी ०.२ मिलिग्रॅमची कॅप्सूल पुरेशी मानली जाई. रुग्णालयात शिरेतून औषध घेतलेल्या माणसाला घरी जाताना गोळी दिली, तर डॉक्टर हा हिशेब मनात करतात. रुग्णाने मात्र घरातल्या नातवाचे पातळ औषध ‘तेच आहे’ म्हणून घेऊ नये, किंवा आपली गोळी कुटून नातवाला देऊ नये.

अरुंद पायवाट

पाच-दहा टक्क्यांच्या फरकाने एवढे काय बिघडते, असा प्रश्न पडेल. बहुतेक औषधांत काहीच बिघडत नाही. ती औषधे रुंद रस्त्यासारखी असतात, गाडी थोडी इकडे-तिकडे झाली तरी चालते. डिजॉक्सिन ही तोरणमाळच्या घाटातली अरुंद पायवाट आहे. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णात रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम इतके डिजॉक्सिन असावे, असे आज मानले जाते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हे प्रमाण २ च्या पुढे गेले की विषबाधेचा धोका ठळकपणे वाढतो. फायदा आणि अपाय यांच्यामध्ये जागा एवढीच.

या पायवाटेवर इतर गोष्टींचाही धक्का बसतो. डिजॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडते. जुलाब-उलट्यांनी किंवा उन्हाळ्याच्या कामाने शरीरातले पाणी कमी झाले आणि मूत्रपिंडाचे काम मंदावले, तर नेहमीची मात्राही साचू लागते. सूज उतरवणाऱ्या लघवीच्या गोळ्यांनी रक्तातले पोटॅशियम घटते आणि कमी पोटॅशियममध्ये डिजॉक्सिन अधिक विषारी ठरते. आतड्याच्या पेशींत एक पंप असतो, तो शिरलेल्या डिजॉक्सिनचा काही भाग परत बाहेर फेकतो. व्हेरापामिल, अमिओडॅरोन ही हृदयाची औषधे किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक तो पंप अडवते आणि रक्तातले डिजॉक्सिन वाढते. उलट, अॅसिडिटीची काही पातळ औषधे आणि कोंड्याचे जास्त प्रमाण असलेले जेवण यांनी शोषण घटते.

आतड्यातले भागीदार

या कथेत भारताशी जोडलेला एक प्रसंगही आहे. आतड्यात राहणारा एक जीवाणू डिजॉक्सिन निकामी करतो, हे लिंडेनबॉम यांच्याच गटाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. ज्यांच्या आतड्यात हे काम जोरात चालते, त्यांच्या वाट्याचे बरेचसे औषध जीवाणूच खातो. अशा रुग्णाला काही प्रतिजैविके दिली की जीवाणू मरतात आणि तेवढ्याच गोळीने रक्तातले प्रमाण एकदम चढते.

मग हे सगळीकडे सारखेच असते का, असा प्रश्न आला. वेल्लोर येथील संशोधकांनी न्यूयॉर्कच्या गटासोबत दक्षिण भारतातील आणि न्यूयॉर्कमधील माणसांची तुलना केली. ते निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमधल्या ३६ टक्के लोकांत आतड्यातले जीवाणू डिजॉक्सिन मोडत होते, तर दक्षिण भारतातल्या सुमारे १४ टक्के लोकांत. भारतातही शहरी, सुस्थितीतल्या लोकांत हे प्रमाण खेड्यातल्या लोकांपेक्षा जास्त होते. पुढे २०१३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी या जीवाणूतली नेमकी जनुके शोधली आणि आहारातल्या प्रथिनांचा त्यावर परिणाम होतो हेही प्राण्यांवरील प्रयोगात दाखवले.

याचा साधा अर्थ असा की गोळीचे भवितव्य कारखान्यात जसे ठरते, तसे ताटातही ठरते. न्यूयॉर्कमध्ये योग्य ठरलेली मात्रा ज्वारी-मक्याची भाकरी खाणाऱ्या, पन्नास किलोच्या आत वजन असलेल्या माणसाला तशीच लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे अनेक डॉक्टर डिजॉक्सिन ‘आठवड्यातून पाच दिवस’ लिहितात, त्यामागे हीच सावधगिरी आहे. अडचण इतकीच की ‘शनिवार-रविवार सोडून’ हे वाक्य सुट्टीच्या आठवड्यावर जगणाऱ्यांसाठी आहे. ज्याचा आठवडा बाजाराच्या दिवसाने मोजला जातो, त्याला ‘बाजारच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी गोळी नाही’ असे सांगितले तर चूक होत नाही.

इतर गोळ्यांचे स्वभाव

डिजॉक्सिन हे टोकाचे उदाहरण झाले. पण हृदयाच्या इतर नेहमीच्या औषधांतही रूप बदलले की परिणाम बदलतो.

लघवीची गोळी म्हणून ओळखले जाणारे फ्युरोसेमाइड घ्या. तोंडाने घेतल्यावर सरासरी निम्मे औषध शोषले जाते. पण माणसागणिक हा आकडा १० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. हृदय थकलेल्या रुग्णाच्या पायावर जशी सूज येते तशी आतड्याच्या भिंतीलाही येते. तेव्हा गोळीचे शोषण मंदावते आणि ‘गोळी रोज घेतो तरी सूज उतरत नाही’ अशी तक्रार सुरू होते. अशा वेळी शिरेतून तेच औषध दिले की लघवी मोकळी होते. टॉर्सेमाइड या जवळच्या औषधाचे शोषण ८० ते १०० टक्के, म्हणजे अधिक भरवशाचे. मग ते सर्वांना द्यावे का? अमेरिकेत २,८५९ रुग्णांवर दोन्ही औषधांची तुलना झाली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष आले. मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच, २६ टक्क्यांच्या आसपास होते. चांगले शोषण म्हणजे आपोआप चांगले आयुष्य, असे समीकरण नसते. डॉक्टर सूज आणि वजन पाहून मात्रा जुळवत राहिले, तर कमी शोषली जाणारी गोळीही काम देते.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी अनेकांच्या खिशात असते. जिभेखालच्या नाजूक त्वचेतून औषध थेट रक्तात जाते, यकृताचे नाके टळते आणि काही मिनिटांत आराम पडतो. तीच गोळी पाण्याबरोबर गिळली तर बराचसा भाग यकृतात खर्च होतो आणि परिणामाला उशीर लागतो. याच कुळातल्या, दिवसभर हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्याही मिळतात. त्या गिळण्यासाठीच असतात, दुखण्याच्या क्षणी जिभेखाली ठेवून त्यांचा उपयोग नाही. पिशवीत दोन्ही असतील तर कोणती कुठे ठेवायची, हे घरातल्या शिकलेल्या पोरानेही एकदा नीट समजून घ्यावे. जिभेखाली गोळी ठेवताना बसून राहावे, कारण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते.

अॅस्पिरिनचेही तसेच. पोटाला त्रास होऊ नये म्हणून रोजच्या गोळीवर आतड्यातच विरघळणारे वेष्टण चढवलेले असते. हृदयविकाराचा झटका आल्यावर मात्र तासांची वाट पाहता येत नाही. म्हणून तेव्हा अॅस्पिरिन चावून खायला सांगतात. ते १०८ क्रमांकावर फोन करून किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. ज्यांना अॅस्पिरिन सोसत नाही किंवा रक्तस्राव होतो, त्यांनी घेऊ नये.

याच्या उलट, काही गोळ्या कधीच चावायच्या वा कुटायच्या नसतात. नावापुढे एक्सएल, ईआर, एसआर, सीआर अशी अक्षरे असली की समजावे, औषध दिवसभर थोडे थोडे सोडण्यासाठी गोळी घडवलेली आहे. मेटोप्रोलॉलची अशी गोळी म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही म्हणून कुटून दिली, तर दिवसभराचे औषध एकदम सुटते आणि ठोके फार मंदावू शकतात. औषध झपाट्याने पोहोचणे दरवेळी हिताचे नसते, हे निफेडिपिनने दाखवले. वाढलेला रक्तदाब पटकन उतरवण्यासाठी त्याची कॅप्सूल फोडून तोंडात पिळण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. रक्तदाब इतका अचानक कोसळे की काहींना पक्षाघात किंवा झटका आला. त्यानंतर १९९० च्या दशकात ही पद्धत थांबवावी, असे तज्ज्ञांनी बजावले.

टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी हवेतला ओलावा ओढून घेते. ती म्हणूनच अॅल्युमिनियमच्या पाकिटात बंद असते. आठवड्याच्या गोळ्या आधीच सोडवून डबीत भरून ठेवण्याची सवय पावसाळ्यात, विशेषतः डोंगरातल्या दमट घरात, या गोळीला मानवत नाही.

मग जेनेरिकचे काय?

हे सगळे वाचून कोणी निष्कर्ष काढेल की स्वस्त जेनेरिक गोळ्या टाळाव्यात. तसा निष्कर्ष चुकीचा ठरेल, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तर अपायकारकही. औषध परवडत नाही म्हणून बंद केलेल्या गोळीची जैवउपलब्धता शून्य असते.

जेनेरिक गोळीची मूळ गोळीशी तुलना करण्याची पद्धत ठरलेली आहे. निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या आलटून-पालटून देतात, रक्ताचे नमुने घेतात आणि औषध किती व किती वेगाने पोहोचले हे पाहतात. दोन्हींचे गुणोत्तर, त्यातली सांख्यिकी अनिश्चितता धरून, ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसावे लागते. ‘जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असते’ ही समजूत या आकड्यावरूनच पसरली, आणि ती खरी नाही. अनिश्चिततेसह संपूर्ण पट्टा आत बसवायचा तर सरासरी शंभराच्या जवळच असावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारा वर्षांतल्या २,०७० तुलना तपासल्या, तेव्हा शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. हृदयाच्या औषधांबाबतचे अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ब्रँडेड गोळी सरस असल्याचा पुरावा सापडला नाही. गंमत अशी की त्याच विषयावरच्या संपादकीय लेखांपैकी निम्म्याहून अधिक लेखांचा सूर मात्र जेनेरिकच्या विरोधात होता.

दोन गोष्टी तरीही लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, प्रत्येक जेनेरिकची तुलना मूळ औषधाशी होते, एका जेनेरिकची दुसऱ्याशी होत नाही. एक किंचित वरच्या बाजूला आणि दुसरे किंचित खालच्या बाजूला असेल, तर त्यांच्यात अदलाबदल केल्यावर फरक थोडा वाढतो. अरुंद पायवाटेवरच्या औषधांसाठी युरोपात हा पट्टा ९० ते १११ टक्क्यांपर्यंत आवळला आहे तो त्यामुळेच. दुसरी गोष्ट, अशी तुलना भारतात प्रत्येक गोळीसाठी पूर्वीपासून सक्तीची नव्हती. औषध नवे असते त्या पहिल्या चार वर्षांनंतर परवाना मागणाऱ्यांना ती बहुधा करावी लागत नसे. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांच्या दोन गटांसाठी ती ३ एप्रिल २०१७ पासून सक्तीची झाली. त्याआधी परवाना मिळालेल्या गोळ्या बाजारात आहेतच. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दरमहा निकृष्ट नमुन्यांची यादी प्रसिद्ध करते. त्यात विरघळण्याच्या चाचणीत नापास झालेल्या गोळ्या वारंवार दिसतात. अमेरिकेत तर २०१४ मध्ये दोन भारतीय कंपन्यांना मेटोप्रोलॉलच्या हळू सुटणाऱ्या गोळ्या याच कारणाने परत बोलवाव्या लागल्या होत्या.

म्हणजे दोष ‘जेनेरिक’ या शब्दात नाही. तपासलेली गोळी आणि न तपासलेली गोळी हा खरा भेद आहे, आणि तो ब्रँडच्या चकचकीत पाकिटावरूनही कळत नाही. तो कळण्यासाठी सरकारने नमुने अधिक घेणे, निकाल लवकर लावणे आणि ते दुर्गम तालुक्यातल्या औषधभांडारापर्यंत पोहोचवणे, हाच मार्ग आहे.

पाड्यावर काय करता येईल

महाराष्ट्रातल्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. गोळ्या निविदेने, औषधाच्या मूळ नावाने खरेदी होतात. निविदा बदलली की पाकीट बदलते. ते टाळता येणार नाही. पण बदल झाल्याचे सांगणे कुणाच्याही हातात आहे. औषध देणाऱ्या फार्मासिस्टने डिजॉक्सिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिन, अॅसेनोकुमरॉलचे पाकीट बदलल्याचे केसपेपरवर एका ओळीत लिहिले, तरी पुढच्या डॉक्टरचा अर्धा गोंधळ मिटतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे उत्पादन बदलले तर एक-दोन आठवड्यांत आयएनआरची तपासणी करून घ्यावी.

डिजॉक्सिनची रक्तातली पातळी मोजण्याची सोय धडगावात शोधत बसण्याची गरज नाही. घड्याळ आणि दोन बोटे पुरतात. गोळी घेण्याआधी मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ठोके ६० च्या खाली असतील तर ती गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. हे काम आशाताई घरच्या माणसाला एका भेटीत शिकवू शकतात. भूक मरणे, मळमळ, उलट्या, वस्तू पिवळसर-हिरवट दिसणे, कधी नव्हे तो गोंधळलेपणा, ही डिजॉक्सिन जास्त झाल्याची लक्षणे आहेत. पावसाळ्यात उलट्यांचा रुग्ण आला की आधी दूषित पाणी आठवते. त्याच्या पिशवीत डिजॉक्सिन आहे का, हेही तेव्हा पाहायला हवे. उलट दम पुन्हा लागू लागला, पायावर सूज चढली, दोन-तीन दिवसांत वजन वाढले, तर औषध कमी पोहोचत असल्याची शक्यता असते.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या एकाच ठिकाणाहून घेणे आणि रिकामे पाकीट न फेकता सोबत ठेवणे. पाकिटावर औषधाचे मूळ नाव असते. बारडोलीच्या मेडिकलवाल्याला तेवढे दाखवले तरी ‘हृदयाची पांढरी गोळी’ या वर्णनावरून होणारी चूक टळते. जुने आणि नवे पाकीट एकाच औषधाचे असेल, तर दोन्हीतली गोळी रोज घेतली जाण्याचा धोका असतो. नाव वेगळे दिसल्याने औषधही वेगळे वाटते आणि मात्रा नकळत दुप्पट होते. झाडपाल्याचे औषध सुरू असेल तर तेही सांगावे. अंगणातल्या पिवळ्या कण्हेरीत डिजॉक्सिनच्याच कुळातली विषारी द्रव्ये असतात आणि त्यांचा परिणाम गोळीच्या परिणामात मिळतो.

औषधामुळे त्रास झाल्याची शंका असेल तर ती गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाला १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते. रुग्ण स्वतःही कळवू शकतो. ब्रिटनमध्ये आणि इस्रायलमध्ये गोळीतला बदल उघड झाला तो कुणीतरी रुग्णांकडे नीट पाहिले आणि नोंदवले म्हणून.

पुढच्या तपासणीला जाताना ती पिशवी पूर्णच घेऊन जावी. रिकामी पाकिटे, उरलेल्या गोळ्या, पातळ औषधाची बाटली, सगळे टेबलावर ओतावे आणि विचारावे, ‘यातल्या एकाच औषधाच्या गोळ्या कोणत्या?’ पाच मिनिटांचे काम आहे. ज्याची पायवाट अरुंद आहे, त्याचा तोल सांभाळायला ती पाच मिनिटे पुष्कळ होतात.